हलका हात

"माझा हात पगारावर हाय, मी न्हाई," मंजुश्री सिस्टर एकदा म्हणाली होती.

दवाखान्याच्या मागं, ऑक्सिजनचे सिलिंडर साखळीनं बांधून ठेवतात तिथं, सिस्टर लोक उभ्याउभ्या चहा पितात. त्या दिवशी रूपाली इन्चार्ज झाल्याचे पेढे वाटून गेली होती. लेकराचं मनगट कसं धरायचं इथपासून रूपालीला मंजुश्रीनंच शिकवलं होतं. नवीनच लागलेली धम्मप्रिया तोंडात पेढा धरून म्हणाली, "ताई, तुमच्या हाताखालच्या पोरी खुर्चीत जाऊन बसल्या अन् तुम्ही हाय तिथंच. असं कसं?" त्यावर मंजुश्री ते वाक्य बोलली. सगळ्या हसल्या, तीही हसली. मग कप खाली ठेवून तिनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं, शेजारणीनं सांभाळायला दिलेल्या वस्तूकडं पाहावं तसं.

मंजुश्री उमरी तालुक्यातली. गावाच्या कडेच्या बौद्ध वस्तीतून नर्सिंगला गेलेली पहिली मुलगी. आई भामाबाई लोकांच्या रानात खुरपायला जायची आणि तिचा हट्ट एकच होता, लेकीच्या हातात खुरपं यायला नको. खुरपं आलं नाही, सुई आली. सरकारी भरतीत नाव थोडक्यात हुकलं, तेव्हा ती नांदेडात डॉक्टर पंचाक्षरींच्या मुलांच्या दवाखान्यात लागली. त्या वेळी दवाखाना म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या तीन खोल्या होत्या. पंचाक्षरी सर उदगीरकडचे. रागावले की कानडीत पुटपुटायचे, शांत झाले की मराठीत समजूत घालायचे. पुढं तिचं लग्न झालं. नवरा सुगत बिलोली आगारात कंडक्टर. तो मुक्कामी गाड्यांवर, ती पाळ्यांवर. दोघांचा संसार एकमेकांसाठी निरोप ठेवण्यातच झाला.

तान्ह्या लेकराची शीर दिसत नाही. ती आहे एवढंच माहीत असतं. उलट्या-हगवणीनं सुकलेलं लेकरू आणलं, की त्याच्या शिरा आत कुठंतरी पळून जातात, भ्यालेल्या जनावरांसारख्या. अशा वेळी शिकलेले हात डोळ्यांनी शोधत राहतात. मंजुश्री डोळ्यांनी शोधायचीच नाही. ती बोटाचं टोक कातडीवर ठेवायची आणि थांबायची. कातडीखाली ओल्या दोऱ्यासारखं काहीतरी दबायचं, पुन्हा वर यायचं. तेवढं तिला पुरायचं. सुई आत जायची, मागं रक्ताचा ठिपका यायचा आणि लेकरू रडायचं ते नंतर, काहीतरी झालंय हे उशिरा कळल्यासारखं.

बिलोलीकडचा श्रीमंत नावाचा एक शेतकरी आपला मुलगा असाच निपचित झालेला घेऊन आला होता. दोन दवाखान्यांत टोचून टोचून पोराच्या हातापायांवर निळे डाग पडले होते. मंजुश्रीनं एका सुईत सलाईन लावली. श्रीमंतनं ही गोष्ट बिलोलीच्या बाजारात सांगितली, मग नायगावच्या बाजारात सांगितली, मग त्याला सांगायची गरजच उरली नाही. लोक येऊन डॉक्टरच्या आधी तिला विचारू लागले, "हलक्या हाताची सिस्टर हाय का आज?" नसली तर बाकावर बसून राहत.

आपल्याकडं हात हलका असणं म्हणजे नुसतं कसब नव्हे. हलक्या हाताच्या माणसानं घातलेलं लोणचं नासत नाही, त्यानं लावलेलं रोप मरत नाही. ते देणं असतं, त्या माणसाचं त्यात काही नसतं. ज्या घरांनी भामाबाईचा हात लोणच्याच्या बरणीला लागू दिला नसता, त्या घरची माणसं आता तिच्या लेकीचा हात आपल्या लेकराला लागावा म्हणून ताटकळत बसत. मंजुश्रीला याचं आधी नवल वाटलं, मग अभिमान वाटला, मग काही वाटेनासं झालं.

दवाखाना वाढला. तीन खोल्यांचे तीन मजले झाले, लिफ्ट आली, काचेच्या पेट्यांतली लेकरं आली. इन्चार्ज सिस्टर नेमायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी धरलं होतं की मंजुश्रीच. सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, स्वतःच्या हातानं पाण्याचा ग्लास पुढं केला आणि म्हणाले, "खुर्चीत कुणालाही बसवता येतं, मंजुश्री. हात कुठून आणू? तू ड्यूटीचे तक्ते आखत बसलीस तर या लेकरांना सुई कोण लावणार?" हे प्रेमानं म्हटलेलं होतं, म्हणून मंजुश्री पाणी पिऊन बाहेर आली. मग केरळची एक सिस्टर इन्चार्ज झाली, ती दुबईला गेली. दुसरी सरकारी कंत्राटावर गेली. मग रूपाली झाली, तीही लग्न होऊन पुण्याला गेली. दर वेळी सर हताश होऊन म्हणायचे, "पोरी टिकत नाहीत." आणि दर वेळी मंजुश्रीकडं पाहून म्हणायचे, "ही मात्र आपली आहे."

थरथर पहिल्यांदा आली ती आवाज होऊन. मंजुश्री औषधाचं काचेचं अँप्युल फोडून सिरिंजमध्ये ओढत होती आणि सुई काचेला लागून किणकिण वाजायला लागली. लांब कुठं बैलाच्या गळ्यातलं घुंगरू वाजावं तसा बारीक आवाज. तिनं वर पंख्याकडं पाहिलं. पंखा बंद होता.

घरी भामाबाई होती. गाव सोडून ती लेकीकडंच राहायला आली होती. तिची मान आता सदा हलत असायची, डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. भाकर वाढू का विचारलं की मान न्हाई म्हणायची आणि तोंड हाव म्हणायचं. घरात याची थट्टा व्हायची. सुगत म्हणायचा, "मामीला काही इचारायचं तर तोंडाकडं बघून इचारा. मानंकडं बघितलं तर उपाशी मरतील." भामाबाईही हसायची, मान न्हाई न्हाई म्हणत असताना. त्या दिवशी मंजुश्री आईच्या मानेकडं फार वेळ बघत बसली.

नांदेडात दाखवण्याची सोय नव्हती. इथल्या प्रत्येक दवाखान्यात तिच्या हाताखालून गेलेली एखादी सिस्टर होती. लग्नाला जाते म्हणून ती लातूरला गेली. तिथल्या डॉक्टरनं तिला कागदावर गोगलगाईसारखं वेटोळं काढायला लावलं. वेटोळ्याला करवतीचे दाते आले.

"घरात कुणाला आहे असं?"

"आईला. तिची मान हलते."

"मग तिकडूनच आलंय. जिवाला धोका नाही. गोळी देतो, पण हळूहळू वाढत जाईल. काही बारीक काम करता का हातानं?"

"न्हाई," मंजुश्री म्हणाली.

परतीच्या एसटीत तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. बाहेर सोयाबीनची रानं कापून मोकळी पडली होती. सांगितलं तर दवाखान्यात तिचं काय उरतं? हात गेलेली सिस्टर म्हणजे आवाज गेलेली घंटा. आणि नाही सांगितलं तर कधी ना कधी कुणाचं तरी लेकरू त्या सुईखाली येणार. दोन्हींच्या मधून एकच वाट जात होती, ती इन्चार्जच्या खुर्चीकडं. इन्चार्जनं सुई लावायची नसते. तिनं लावून घ्यायची असते. आयुष्यात पहिल्यांदा तिला ती खुर्ची मान म्हणून नव्हे, आडोसा म्हणून हवी होती.

तोवर एक पद्धत निघाली. ती कुणी ठरवली नाही. एका आजीनं हट्ट धरला, "बाई, तुमीच हात लावा," तेव्हा मंजुश्री वाकली, लेकराचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरलं, पाठ नातेवाइकांकडं केली आणि डोळ्यानं धम्मप्रियाला खुणावलं. धम्मप्रियानं सुई लावली. मागून फक्त मंजुश्रीची पाठ दिसत होती. "बघा, एकाच सुईत," आजी म्हणाली. धम्मप्रियानं त्या दिवशी काही विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तशीच बाजूला येऊन उभी राहू लागली. आवळून धरलेला हात कमी थरथरतो, हे तिनंही पाहिलं असणार.

"आपलं म्हंजे सिनेमातल्या गाण्यावानी हाय ताई," ती एकदा हात धुताना म्हणाली. "तोंड तुमचं, गळा माझा."

"मग मोठ्यानं गाऊ नको," मंजुश्री म्हणाली. "लोक ओळखतील."

दोघी हसल्या. त्या हसण्यात मंजुश्रीला आपण कुठं चाललो आहोत ते दिसलं, आणि तिनं नळ बंद केला.

पंचाक्षरी सरांनी लातूरला दुसरा दवाखाना काढायचं ठरवलं. इमारत उभी राहिली. तिथं इन्चार्ज हवी होती. मंजुश्री या वेळी बोलावण्याची वाट न पाहता स्वतः केबिनमध्ये गेली.

"सर, लातूरची इन्चार्ज मला करा."

सरांनी चष्मा काढला. "तू येणारच आहेस लातूरला. आठवड्यातले तीन दिवस तिकडं. लोक आतापासून विचारून राहिलेत, हलक्या हाताच्या सिस्टर येणार का म्हणून."

"तशी न्हाई. इन्चार्ज म्हणून."

"ते धम्मप्रियाला दिलंय."

सर समजावणीच्या मराठीत बोलू लागले. "ती हैदराबादला चालली होती. मोठ्या हॉस्पिटलचं पत्र आलं होतं तिला. जाणाऱ्याला थांबवायचं तर काहीतरी द्यावं लागतं, नाही का? तू मोठी बहीण आहेस तिची, तुला आनंदच झाला पाहिजे."

"अन् थांबलेल्याला?"

"तू कुठं जाणार आहेस?" सर हसले. त्यात कुत्सितपणा नव्हता. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणावं तसं ते म्हणाले.

तेव्हा सांगायला हवं होतं. हात पुढं करून टेबलावर ठेवला असता तरी पुरलं असतं. पण टेबलावर लातूरच्या उद्घाटनाची पत्रिका पडली होती, आणि तिनं हात पाठीमागं धरले होते.

धम्मप्रिया जाताना तिच्या गळ्यात पडली. "ताई, मी न्हाई म्हणले होते. सर म्हणले, मग कुणालाच देत नाही, जाहिरात काढतो. मी काय करू?"

"घेतलीस ते बरं केलं," मंजुश्री म्हणाली, आणि ते खरं होतं. "जाणारी माणसंच पुढं जातात. मी जायचंच शिकले न्हाई."

"पण इथं तुमच्या बाजूला..." धम्मप्रिया अडखळली.

"नव्या पोरी हायेत ना."

नव्या पोरींचे हात अजून सुईला घाबरत होते.

दुपारची वेळ होती. ओपीडी संपत आली होती. रिक्षातून साखराबाई उतरली, बिलोलीच्या त्या श्रीमंतची बायको. श्रीमंत आता नव्हता. साखराबाईच्या कुशीत सहा महिन्यांचा नातू होता, शिवांश. त्याला आकडी आली होती. हातपाय झटके देत होते, डोळे वर लागले होते. साखराबाईमागं तिचा मुलगा होता, तोच, ज्याच्या हातात मंजुश्रीनं सुई लावली होती. आता त्याला मिशा होत्या आणि हातात बाळाची दुपटी होती.

"बाई, याच्या बापाला तुमीच वाचवलं," साखराबाई म्हणाली. "आता याला वाचवा. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार न्हाई मी."

सर धावत आले. लेकराला पाहून त्यांनी भराभर सांगितलं, शीर घ्या, आधी आकडीचं औषध, मग कॅल्शियम, हळूहळू. एक नवी पोर ट्रे घेऊन उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"सर, तुम्ही लावता का?" मंजुश्री म्हणाली.

सरांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू ती तेलुगूत बोलली असावी. "मंजुश्री, वेळ नाही. लाव."

तिनं बोट ठेवलं. बोटाला अजून सगळं कळत होतं. दोरा दबत होता, वर येत होता. शीर होती, तिथंच होती. बोटाला माहीत असलेलं हाताला करता येईना. पहिली सुई शिरेच्या कडेनं गेली. दुसरी शिरेतून पार गेली आणि कातडीखाली निळं बोंड फुगलं. "असू द्या बाई, घाबरू नगा, तुमचाच हात हाय," मागून साखराबाई धीर देत होती. लेकराऐवजी सिस्टरला धीर देणारी ती म्हातारी मंजुश्रीला सहन होईना. दुसऱ्या हातावर, पंजाच्या पाठीवर, सुई आत गेली. मागं रक्ताचा ठिपका आला. तिनं श्वास सोडला, आणि चिकटपट्टी लावताना हात एकदाच हलला. इतका थोडा, की पाहणाऱ्याला तो घाईचा वाटावा.

आकडीचं औषध गेलं. कॅल्शियम चढू लागलं. झटके मंदावले, थांबले. डोळे खाली आले. साखराबाई जमिनीवर बसली आणि रडू लागली.

कॅल्शियम शिरेबाहेर गेलं की आतलं मांस जाळतं. हे प्रत्येक सिस्टरला पाठ असतं. मंजुश्री स्वतः ते शिकवायची. चिकटपट्टीखाली सुईचं टोक शिरेतून सरकलं होतं. लेकराचा पंजा सुजायला लागलेला तिनंच पाहिला, तिनंच औषध बंद केलं, सुई काढली, सरांना बोलावलं. सरांनी काय करायचं ते केलं. दुसऱ्या दिवशी शिवांश आईचं दूध प्यायला लागला, हसला. आणि त्याच्या पंजाची पाठ काळी पडली. पहिल्यांदा जांभळी, मग काळी, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी. कातडी जाणार होती. बोटं किती वळतील हे मागाहून कळणार होतं.

मंजुश्रीनं साखराबाईला व्हरांड्यात गाठलं.

"आजी, हे माझ्या हातानं झालं. माझा हात थरथरतो. मी लपवलं."

साखराबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग पदर सावरून तिच्या पायांकडं वाकली. मंजुश्री मागं सरली.

"असं इपरीत बोलू नगा बाई. तुमचा हात लागला म्हणून लेकरू वाचलं. जीव आला, पंज्याचं काय घेऊन बसल्या? ते औषधच कडक व्हतं, डॉक्टरच म्हणले."

"डॉक्टर म्हणले?"

"हाव. औषधाची आग हाय म्हणले, व्हतं कधी कधी."

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. या वेळी पाण्याचा ग्लास पुढं केला नाही. "बाहेर काय बोलून आलीस तू?"

तिनं उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं सुटी सोडली. ती काचेवर हलत राहिली. सर बराच वेळ त्या हाताकडं बघत होते. मग कानडीत काहीतरी पुटपुटले.

"कधीपासून?"

"इन्चार्ज मागायला आले त्याच्या आधीपासून."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं?"

सर उठून खिडकीशी गेले. खाली रिक्षा लागल्या होत्या, लेकरं उतरत होती. "इतके दिवस सुया कोण लावत होतं?" त्यांनी पाठमोरेच विचारलं.

"धम्मप्रिया. मी मनगट धरायचे."

ते वळले तेव्हा त्यांचा राग गेला होता. चेहऱ्यावर हिशेब लागल्याचं समाधान होतं. ते परत समजावणीच्या मराठीत आले. "मग झालं तर. घाबरायचं काय त्यात? तसंच चालू ठेव. सुई दुसऱ्या पोरी लावतील. तू नुसता हात लाव. डोक्यावर ठेव, मनगट धर, काहीही. लोकांना तेवढंच पाहिजे असतं. ती म्हातारी खाली सगळ्यांना सांगून राहिली, सिस्टरचा हात लागला म्हणून नातू वाचला. तू खरं सांगितलंस तरी तिनं ऐकलं का?"

"लातूरलाही तसंच. तीन दिवस तिकडं, तीन दिवस इकडं. दारात तुझा फोटो लावू मोठा. पगारात कपात नाही, काही नाही. इन्चार्जचं म्हणत होतीस, तर पदाला काय, 'वरिष्ठ सिस्टर' अशी पाटी करून देतो छातीवर लावायला. आणि हे थरथरण्याचं आपल्या दोघांतच राहू दे. पंजाचं मी बघतो, प्लास्टिक सर्जन माझा मित्र आहे." ते थांबले, आणि मनापासून म्हणाले, "तुला मी सोडणार नाही, मंजुश्री. हात असो नसो, तू आपली आहेस."

तिनं टेबलावरचा हात उचलला आणि एप्रनच्या खिशात घातला. उठली. सर अजून बोलत होते, पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचं काहीतरी. तिनं डाव्या हातानं दार उघडलं आणि तोही हात खिशात घातला.

जिना उतरताना भिंतीला लागून बाक होते. बाकांवर आया, आज्या, मांड्यांवर लेकरं. तिला येताना पाहून कुजबूज झाली आणि बाया सरसावून बसल्या. एका पोरसवदा आईनं तापलेलं लेकरू दोन्ही हातांवर उचलून तिच्यासमोर धरलं. "बाई, सुई नको, नुसता हात लावा याला."

मंजुश्री थांबली. लेकरानं डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं. ती किंचित वाकली, जवळून त्याचा श्वास ऐकला, आणि दोन्ही हात खिशातच ठेवून, वाट सोडणाऱ्या त्या बायांच्या मधून, दवाखान्याच्या दाराबाहेर पडली.